फळीवरचं पुढचं नाव

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि रात्री नाही, भरदुपारी.

साल २००४. शिरूरला एसटी स्टँडच्या मागे माझं सायबर कॅफे होतं. मी खंडू. गल्ल्यावर मी बसायचो, पण कॅफेचं डोकं म्हणजे माझा मामेभाऊ संघर्ष.

तेव्हा नेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. एका लाइनवर दहा गिऱ्हाइकं बसली की एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून संघर्षनं मागच्या खोलीत फळीवर तीन जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडले. प्रत्येकाला वेगळी लाइन, वेगळा मोडेम. गिऱ्हाइकानं काही मागितलं की पाळीपाळीनं एकेक कॉम्प्युटर ते बाहेरून आणून द्यायचा. प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात त्यांना.

"कंपनीत बदली कामगार असतोय ना, तसं," संघर्ष म्हणाला होता. "दुसऱ्याच्या वतीनं जायचं. आन् एक आडवा झाला की त्याचं काम आपोआप पुढच्याकडं. काम थांबत न्हाई, दादा."

ओळखायला सोपं म्हणून त्यानं मार्करनं त्यांच्यावर नावं टाकली. आधी संघर्ष. मग नागसेन, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. मग खंडू.

हसत हसत टाकली हो. जित्या माणसांची नावं.

जानेवारीत एका दुपारी संघर्ष नावाच्या कॉम्प्युटरच्या मोडेमचा हिरवा दिवा विझला. कॉम्प्युटर चालू, पंखा घरघरतोय, दिवा मात्र नाही. लाइन गेली असेल म्हणून तक्रार करायला उठलो...

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला.

न्हावऱ्याच्या पुढच्या वळणावर संघर्षची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती. खुटबावला आईकडे निघाला होता. जागेवरच गेला.

त्याचा कॉम्प्युटर मी बंद केला. प्लग काढला, टेलिफोनची तारही काढली. नाव पुसणार होतो, पण सोजरबाई मामी म्हणाली, "नगं रं खंडू. लेकाचं नाव तेवढं राहू दे तिथं." राहू दिलं.

पुढे गर्दी वाढली तसा चौथा कॉम्प्युटर आणला. आता नागसेन माझ्या मदतीला होता. तोच म्हणाला, "दादा, ह्याला आपल्या मोनालीचं नाव टाकू."

मोनाली माझी पोरगी. तेव्हा बालवाडीत होती.

टाकलं. माझ्या नावाच्या शेजारीच.

मे महिन्यातली गोष्ट. नागसेन मामीची औषधं घेऊन दुपारी खुटबावला निघाला. त्याच रस्त्यानं. तो गेला आणि पाठोपाठ लाइट गेली. भारनियमन. गिऱ्हाइकं कुरकुरत बाहेर पडली. इन्व्हर्टर बघायला मी मागच्या खोलीत गेलो.

खोलीत अंधार. एकही पंखा चालू नव्हता. एवढी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती.

आणि फळीच्या टोकाला... एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

संघर्षचा.

मी हात लावून बघितलं. प्लग खाली लोंबत होता. तार भिंतीवर गुंडाळलेली. तरी दिवा लुकलुकत होता, काम चालू असल्यावर लुकलुकतो तसा.

मी हात झटकन मागे घेतला.

मग लाइट आली. पंखे फिरले. माझा दिवा लागला, मोनालीचा लागला.

नागसेनचा... लागलाच नाही.

जानेवारीतली ती दुपार डोळ्यांसमोर आली. मी धावत जाऊन नागसेनच्या मोबाइलला फोन लावला. लागेना. मामीला लावला.

"न्हाई आला आजून," मामी म्हणाली. "का रं? आवाज का तुझा असा?"

फोन ठेवला. मी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिलो. देवाधर्मातला माणूस नाही मी, पण त्या दिवशी कुणाकुणाला हात जोडले ते माझं मला माहीत.

ऊन कलल्यावर नागसेन दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक. त्याला बघून मला रडूच फुटलं. घट्ट मिठी मारली.

"दादा, मी वळणावर होतो," तो म्हणाला. "मागनं हाक आली. नाग्या, थांब. मी गचकन बिरेक मारला. आन् पुढं टँकर उलटला. म्होरं दोन हात असतो तर..."

"कुणी हाक मारली?"

त्यानं मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"नागसेन, कुणी मारली?"

"तुला म्हाईत हाय की दादा. त्याचा आवाज मी वळखणार न्हाई व्हय?"

आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. संघर्षचा मोडेम आता विझला होता. नागसेनचा दिवा लागला होता, अगदी झकास. मी हुश्श केलं. भाऊ मेल्यावरही भावाला राखतोय, एवढंच मनात आलं.

पण नागसेन फळीकडे बघतच राहिला. मीही बघितलं...

माझा दिवा विझला होता.

पंखा घरघरत होता. लाइन ठीक होती. फक्त दिवा नव्हता.

एक आडवा झाला की काम पुढच्याकडं. नागसेन वाचला होता. काम मात्र थांबलं नव्हतं.

नागसेनची नजर माझ्या नावावरून शेजारी सरकली. मोनालीवर. मग त्यानं मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी मी तिचं नाव थिनरनं घासून काढलं. पत्रा पांढरा होईस्तोवर घासला. पण प्लग नसलेला, तार नसलेला संघर्ष पाळीत होताच की. नुसतं नाव पुसून काय होतं, कुणास ठाऊक.

माझा दिवा पुन्हा कधी लागला नाही. पुढे कॅफे बंद पडलं, चारही कॉम्प्युटर भंगारात गेले.

मोनाली आता नोकरीला आहे. शिरूरच्या बाजारात कधी मागून हाक मारते, "पप्पा, थांबा!" मी थांबत नाही. तसाच चालत राहतो. ती धावत येऊन दंडाला धरते आणि चिडते.

"बहिरे झालात का हो पप्पा? एवढी बोंबलतीय मी!"

मी हसून वेळ मारून नेतो. तिला काय सांगू? एक दिवस मागून येणारी हाक तिची नसेल. तेव्हा मी थांबलो, तर मी वाचेन.

आणि माझ्या पुढचं नाव तिचं आहे.