तिरकं बसायचं

ऐन चौकात, सिग्नल हिरवा असताना, एक बाई रस्त्यावर मांडी घालून बसली होती. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर एक काळी कुत्री अंगाचं मुटकुळं करून थरथरत होती, आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते.

शहरातल्या प्राण्यांच्या निवाऱ्याची ती प्रमुख. तिथे लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. हॉर्न वाजवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, ते वेगळंच काहीबाही म्हणत होते.

एक स्कूटर कडेला लागली. हेल्मेट काढून एक माणूस पुढे आला.

"सरळ येऊ नका," ताई मान न वळवता म्हणाली. "यायचंच असेल तर वळसा घालून या. आणि तिच्या डोळ्यांत बघू नका."

"मग कुठे बघू?"

"कुठेही. त्या जाहिरातीकडे बघा."

तो तिच्याशेजारी, कुत्रीकडे पाठ करून, डांबरावर बसला. समोरच्या फलकावर कुणी बाई टूथपेस्ट धरून दात दाखवत होती. वरून भुरभुर पडत होती, केसांवर नुसती बसणारी, अंग न भिजवणारी.

"किती वेळ बसायचं?"

"तिला वाटेल तितका."

"गप्प?"

"नाही, बोला की. हळू बोला. हळू बोलणारा माणूस त्रास देत नाही, असं वाटतं त्यांना."

"माझ्या घरमालकीणबाईंशी गाठ पडली नसेल त्यांची."

ताईला हसू आलं. पण कुत्र्यासमोर दात दाखवायचे नसतात, म्हणून तिनं ते ओठांतच मिटवलं.

मग तो त्या टूथपेस्टवाल्या बाईला आपल्या नव्या घरमालकिणीच्या अटी सांगत बसला. संध्याकाळनंतर बादली वाजवायची नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घरात बाई आणायची नाही, जनावर आणायचं नाही… "याच क्रमानं सांगितलं त्यांनी," तो म्हणाला, आणि एकदम थांबला. त्याच्या कोपराला काहीतरी गार, ओलं लागलं होतं. नाक.

"हलू नका," ताई कुजबुजली.

"हललोच नाही… श्वास घेऊ का?"

"थोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस निवाऱ्याच्या दारात उभा, गळ्यात स्टेथोस्कोप. नवे डॉक्टर आजपासून येणार, हे ताईला माहीत होतं. ते हेच, हे माहीत नव्हतं. त्यानं हसून हात पुढे केला. ताई दोन पावलं मागे सरली, दोन्ही हात पाठीमागे नेले, मान खाली घातली आणि म्हणाली, "या. आत या."

तिचे हात कोपरापर्यंत खरजेच्या मलमानं पिवळे झाले होते. ते त्याला दिसले नाहीत. एवढीच काय ती गोष्ट. पण गैरसमजाला रुजायला एवढी माती पुष्कळ होते.

निवाऱ्याची सकाळ पाण्यानं उजाडते. पाइपनं पिंजरे धुतले जातात, ओल्या फरशीवर नखांची टकटक सुरू होते, आणि मागच्या शेडमध्ये मावशी भल्यामोठ्या पातेल्यात सगळ्यांचं जेवण शिजवताना ओव्या जुळवत असते.

*दारी आलं जे पाहुणं, त्याला पुसू नये गाव*
*पाणी ठेवावं कडेला, मग पुसावं गं नाव*

चौकातल्या काळीचं नावही असंच पुसायचं राहिलं होतं. पहिल्या दिवशी ती ताईच्या टेबलाखाली शिरली, ती तिथलीच झाली. टेबलखालची, म्हणायचे सगळे. ताईच्या पायांशी निजायची, खाणंही तिथेच. अंगणात न्यायची ती उचलून आणि परत आणायची तीही उचलूनच. आपल्या पायांनी तिनं उंबरा कधी ओलांडला नव्हता.

डॉक्टर सगळ्यांचा लाडका झाला. मावशीशी थट्टा करी, गाडीच्या ड्रायव्हरशी गप्पा छाटी, आणि बोलताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून बोले. ताई सोडून. रोज कामं आटोपली की तो तिच्या खोलीत येई, चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवी, दोन पावलं मागे सरे, खुर्ची जराशी वळवून तिरका बसे, आणि सगळं बोलणं भिंतीकडच्या लोखंडी कपाटाशी करी. लंगड्या बोक्याचे टाके काढले. म्हाताऱ्या कुत्र्यानं आज दोन घास खाल्ले. मालकीणबाईंनी नवी अट काढली, शिंकायचं असेल तर खिडकी लावून. ताई कागदांत मान घालून हसे. तो उठे आणि कपाटाचा निरोप घेतल्यासारखा निघून जाई.

"तो मला पाण्यात पाहतो, मावशी."

"पाण्यात का होईना, पाहतो ना? आमचे हे जन्मभर पेपरातच पाहत राहिले."

ताई हसली, पण आत कुठेतरी टोचलंच. तिचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. पत्रिका छापायला टाकायच्या आदल्या दिवशी त्या मुलाच्या आईनं निरोप धाडला, मुलगी गुणी आहे, पण तिच्या अंगाला कुत्र्यांचा वास येतो. निवाऱ्यातून घरी नेलेलं जनावर लोक कधीकधी आणून सोडतात, त्याला इथे 'परतीचं' म्हणत. "मीपण परतीचीच," असं ताई गमतीनं म्हणे. इतक्यांदा म्हणे, की आता त्यावर कुणी हसत नसे.

आणि एका गुरुवारी तो कपाटाला म्हणाला, "मला एका मोठ्या इस्पितळानं बोलावलंय. दुसऱ्या शहरात. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

ताईचं पेन थांबलं. "चांगलं आहे की."

"जावं म्हणता?"

"मी कोण सांगणारी? तुमचं तुम्ही ठरवायचं."

"तुम्ही नका जाऊ म्हणालात, तर…"

"तर?"

"काही नाही. चहा गार होतोय."

तो गेल्यावर तिनं तो गार चहा तळाच्या साखरेसकट पिऊन टाकला. नका जाऊ, चारच तर अक्षरं. पण जो आपल्याकडे बघतसुद्धा नाही, त्याला कुठल्या तोंडानं म्हणायचं? पुढचे दिवस तिला दिसायला लागले, धुऊन मोकळ्या केलेल्या पिंजऱ्यासारखे, स्वच्छ.

शनिवारी सकाळी नवे स्वयंसेवक आले, दोन कॉलेजच्या मुली आणि एक निवृत्त बँकवाले काका. भेदरलेल्या जनावराशी कसं वागायचं, हे ताई दर शनिवारी शिकवी. धडा टेबलखालचीच्या साक्षीनं, ताईच्याच खोलीत होई.

"समोर उभं राहायचं नाही," ताई सांगू लागली. इतक्यांदा सांगितलेलं, की जीभ आपली आपण चालत होती. "तिरकं बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही, तिला ते धमकीसारखं वाटतं. खायचं-प्यायचं कडेला ठेवायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. रोज ठरल्या वेळी यायचं. काहीतरी बोलत राहायचं, हळू… भिंतीशी, कपाटाशी…"

तिची जीभ अडखळली.

टेबलाच्या कडेला कालचा कप होता. खुर्ची होती, तिरकी. त्यापलीकडे कपाट.

काखेत कळसा म्हणतात तो हा. कुत्र्याचा कान हलला तरी जिला कळायचं, तिला एवढा धडधाकट माणूस वाचता आला नव्हता.

"आणि ताई, ती तयार झाली हे ओळखायचं कसं?" काकांनी विचारलं.

"ते…" ताई उभी राहिली. "ते तिनं दाखवायचं असतं. पहिलं पाऊल तिनंच टाकायचं असतं. बसा तुम्ही. आलेच मी."

डॉक्टर तपासणीच्या खोलीत बाकावर बसला होता. हातात फोन, अजून बंदच. भिंतीवर घोड्याच्या सांगाड्याचं चित्र होतं. ताई वळसा घालून आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिरकी बसली आणि घोड्याकडे बघत म्हणाली,

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"तिरकं बसणं."

त्यानं फोन बाकावर ठेवला. मग तोही घोड्यालाच म्हणाला, "पहिल्या दिवशी मी हात पुढे केला, तर तुम्ही दोन पावलं मागे. मान खाली, हात पाठीमागे. मग मावशींनी त्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं… म्हटलं, घाई करायची नाही. पद्धत तुमचीच."

"हाताला खरजेचं मलम होतं."

"…काय होतं?"

"मलम. पिवळं. आणि तुमचा शर्ट पांढरा."

"म्हणजे इतके दिवस मी त्या कपाटाशी…"

"सगळ्या अटी पाठ आहेत त्याला."

तो हसला. ती हसली नाही. "पण तुमचं अगदीच चुकलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "थोडी भीती होतीच."

"आता?"

ताईनं हाताची सैलशी मूठ केली आणि त्याच्या हनुवटीच्या जरा खाली धरली. अनोळखी जनावरापुढे धरतात, तशी. "आधी वास घ्या. कुत्र्यांचा येतो म्हणतात."

तो वाकला. रोग्याची नाडी बघावी इतक्या गंभीरपणे त्यानं वास घेतला. "येतो," तो म्हणाला. "मलापण तोच येतो."

"नका जाऊ," ताई म्हणाली. आणि मग, "बघा आता. चालेल."

त्यानं बघितलं. "घारे आहेत," तो म्हणाला. "मी काळे धरून चाललो होतो." मुठीची बोटं सुटली आणि त्याच्या बोटांत जाऊन बसली.

दारात टकटक झाली, नखांची.

टेबलखालची उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. शेपूट पोटाशी, एक पाय अधांतरी, टाकू की नको. ताई उठून गेलेली तिला सोसली नव्हती. तिच्यामागे, लांब, मावशी पदर तोंडाशी धरून खुणावत होती, बघू नका कुणी.

दोघांनी एकदमच नजरा वळवल्या आणि घोड्याच्या सांगाड्याकडे बघत बसले. हात मात्र होते तिथेच होते.

"काहीतरी बोला," ताई कुजबुजली. "हळू."

"आज मालकीणबाईंना सांगायला हवं," तो घोड्याला म्हणाला. "दोन अटी मोडणार आहेत."

"कुठल्या क्रमानं?"

उत्तर यायच्या आत ताईच्या कोपराला काहीतरी गार, ओलं लागलं. कुणीच हललं नाही.