सहा वीसची खिडकी

सकाळी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. "ताई, ते घर नको मला."

एजंटबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. हा पाचवा भाडेकरू गळाला. तिसरा मजला, स्टेशनसमोर, खिडकीतून प्लॅटफॉर्म दिसतो. असं घर खरं तर हातोहात जायला हवं.

"काल तर आवडलं होतं?"

"संध्याकाळी एका माणसाचा फोन आला. म्हणाला, बिल्डिंग पाडणार आहेत."

"मागे काही ऐकू आलं?"

"सहा वीसच्या गाडीची घोषणा."

भाडेकरूंचे नंबर बाई फक्त मालकांना देत. म्हणजे कुंपणच शेत खात होतं. पण का?

दुपारी उशिरा किल्ली घेऊन त्या आधी वर गेल्या. रिकाम्या घरात धूळ होती. धुळीत दारापासून खिडकीपर्यंत चपलांचे लहान ठसे होते, एक पाय ओढलेला. खिडकीतला दिवा रोज संध्याकाळी आपोआप लागतो, बटण बिघडलंय, असं मालकीण काकू म्हणाल्या होत्या. बाईंनी बटण चारदा दाबलं. त्याला काही झालं नव्हतं.

मालक काका-काकू तळमजल्यावर राहत. दीड वर्षापूर्वी एकुलती एक मुलगी तापानं गेली. मग काकूंचे गुडघेही गेले आणि दोघं वरच्या घरातून खाली राहायला आले. घर भाड्यानं द्यायचा हट्ट काकूंचा होता.

"काका, रिटायर होऊन किती वर्षं झाली?" खाली येऊन बाईंनी विचारलं.

"एक."

"मग खिशात गाडीचा पास कशाला?"

काकांनी खिशावर हात ठेवला.

"फोन तुम्हीच केलेत, प्लॅटफॉर्मवरून. पाचही जणांना."

"मी सहा वीसला उतरायचो," काका हळूच म्हणाले. "पोर दिवा लावून खिडकीत उभी असायची. अजूनही रोज त्याच गाडीनं येतो, आणि अजून लागतो तो दिवा. मला वाटतं, तीच लावते. भाडेकरू आला की संपलं सगळं."

बाईंनी किल्ली खाली ठेवली. म्हणाल्या, "काका, बटण चांगलं आहे. धुळीत चपलांचे ठसे आहेत. एक पाय ओढलेला."

काकांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं.

"बटणाचं मी खोटं सांगितलं," काकू म्हणाल्या. "ती गेल्यावर खिडकी अंधारी होती, तेव्हा तुम्ही रात्री अकराला घरी आलात. रुळांपाशी उभे होतात म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मी दिवा लावायला लागले. आता जिने चढवत नाहीत हो. वाटलं, वर कुणी राहायला आलं तर दिवा लागत राहील."

"रोज तीन जिने?" काकांनी विचारलं.

"उतरताना जास्त दुखतं."

संध्याकाळी बाईंनी तिथूनच नर्सबाईंना फोन लावला. बिल्डिंग कुणी पाडत नाही, म्हणाल्या. मग फोनवर हात ठेवून विचारलं, "मालकांची काही अट आहे का, विचारतायत."

काकू काकांकडे बघत राहिल्या.

"नाही," काका म्हणाले. "हवा तेव्हा लावू दे दिवा तिला."

सहा वीसची गाडी आली आणि गेली. वरची खिडकी अंधारीच राहिली. काका जमिनीवर बसून काकूंच्या गुडघ्यांना मलम चोळत होते, आणि रडत होते.