अकरा वाव, एक मूठ

कुर्लीबंदरची हद्द जमिनीवर कुठे संपते हे तलाठ्यालाही ठाऊक नव्हतं. समुद्रात मात्र ती चोख होती. देशाने समुद्राचे प्लॉट पाडले, तेव्हा इथल्या गाबित मच्छीमारांनी आपली जुनी रीत कायद्यात घुसवली: दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर गावातल्या कुणीतरी एका दमात बुडी मारून तळाची मूठभर वाळू आणायची. जितक्या खोलातून मूठ, तितका समुद्र गावाचा. पोट भरायचं तर अकरा वाव, म्हणजे सहासष्ट फूट, खोली हवी होती. त्याच्या आत मासळी उरली नव्हती. प्लास्टिकच्या चपला होत्या, त्याही एकेकट्या.

अकरा वाव म्हणजे शेवंती कुबलला अंगण झाडण्यातला प्रकार. तिच्या दोन्ही कानांत समदाबी होती.

समदाबी ही मोहरीएवढी झडप. कानाच्या पडद्यामागे हवेची इवलीशी खोली असते, आणि तिथून एक नळी नाकामागे घशात उतरते. माणूस खाली जातो तसं पाणी पडदा आत ढकलतं. पाच-सहा वावांवर दाब दुप्पट होतो. पूर्वीचे बुडीवाले नाक चिमटीत धरून फुंकत, नळीतून हवा वर चढे, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होई आणि कळ थांबे. समदाबी हे काम आपोआप करी. सागरवाटप मंडळाने ती गावातल्या पोरांना पोलिओच्या डोसाबरोबर फुकट बसवली होती. फुकट म्हटल्यावर दोघा-तिघांनी तिसऱ्या कानाची चौकशीही केली होती.

यंदा मंडळाचे निरीक्षक दाभोळकर आले आणि धक्क्यावर खुर्ची टाकून म्हणाले, "झडप मंडळाची. म्हणून बुडी मंडळाची. म्हणून मूठ मंडळाची. झडपेशिवाय आणा, समुद्र तुमचा."

शेवंती तडक डॉ. लिमयांकडे गेली. झडप त्यांनीच शोधली होती. तिचे गुण पाहायला ते गावात येऊन राहिले होते.

"डॉक्टर, ही काढा."

"काढतो. पण नळी उघडणार नाही. वीस वर्षं दार झडपेने सांभाळलंय. नळी उघडायचं विसरली."

"मगे तिका शिकवतंय."

झडपा निघाल्या. शेवंती आठवडाभर नाक धरून फुंकत राहिली. आजूबाजूला गाव जमून सल्ले देई. "गाल फुगतत, कान नाय," तिचा बापूस म्हणाला. कुणी जांभई दे म्हणालं, म्हणून तिच्यासमोर ग्रामसभेचं इतिवृत्त वाचण्यात आलं. सगळं गाव पेंगलं. तिची नळी जागची हलली नाही.

"आता पडदा फुटेपर्यंत कळ येईल," बुडीच्या दिवशी होडीत लिमये म्हणाले.

"फुटल्यावर काय?" शेवंती म्हणाली.

"आत-बाहेर पाणीच. दाब सारखा. कळ थांबेल." आपण काय बोललो हे त्यांना उशिरा कळलं. "अहो, ते थंड पाणी आत गेलं की तोल जातो! वर कुठे, खाली कुठे, समजत नाही!"

"दोरी समाजता मां?" शेवंतीने विचारलं आणि वजन बांधून तळाशी सोडलेली अकरा वावांची दोरी धरून होडीतून उडी टाकली.

तिसऱ्या वावाला कानांत सुया शिरल्या. चौथ्याला कपाळात कुणीतरी खिळा ठोकायला घेतला. शेवंतीने समुद्राला आपल्या आजीच्या ठेवणीतली शिवी मनातल्या मनात दिली आणि खाली गेली. मग एक कान फाटला, पाठोपाठ दुसरा, आणि कळ अशी थांबली की जणू पाहुणे गेले. समुद्र गरगर फिरू लागला. तळ उजवीकडे गेला, मग डोक्यावर. तिने वजनाची दोरी सोडली नाही. दोरी संपली तिथे तिने मूठ भरली.

वर आली तेव्हा नाकातून रक्त येत होतं. धक्क्यावर येऊन मूठ तिने खुर्चीतल्या दाभोळकरांच्या मांडीवर उघडली.

दाभोळकरांनी नियम वाचले, उलटून पाहिले. "बसतं नियमात. कान फुटू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. समुद्र तुमचा."

"काय म्हणता तो?" शेवंती ओरडली. "मोठ्यान सांग रे!"

गावाने तिला खांद्यावर घेतलं. लिमये मात्र तिच्या बापसाला समजावत होते, "विश्रांती द्या. दोन-तीन महिन्यांत पडदे भरून येतील."

बापूस थबकला. "भरान येतत? मगे फुडल्या वर्साक?"

दुसऱ्या दिवशी लिमयांच्या दारात रांग होती. पुढे कानांत कापूस घातलेली शेवंती आणि तिची वहिनी, वहिनीच्या हातात बारा दिवसांचं बाळ. बाजूला सोनार, तार उकळून तयार.

"बारसा आसा. कान टोचूचे आसत," वहिनी म्हणाली. "भायरून सोनार टोचतलो. आतून तुमी. भरान येवचा नाय असा भोक पाडा."

"वेड लागलंय का? दुखेल त्याला! कमी ऐकू येईल जन्मभर!"

"दुखूक होया. इतकी वर्सा दुखाक नाय, म्हणान तर समुद्र जावक लागलो."

"मी नाही करणार."

"बरा," वहिनी म्हणाली आणि सोनाराकडे वळली.

सोनाराने तार उचलली. त्याचा हात उभ्या आयुष्यात कानाच्या पाळीपलीकडे गेला नव्हता. लिमयांनी क्षणभर ती तार पाहिली, मग आपली पेटी उघडली.

"डोकं घट्ट धरा," ते म्हणाले.

शेवंतीला ऐकू गेलं नाही, पण काय करायचं ते दिसत होतं. तिने भाच्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. बाळाचं रडणं तिच्या कानांतल्या कापसातून फार लांबून आलं, अकरा वावांखालून आल्यासारखं. तिचे हात हलले नाहीत.