सातवरची आडवी रेघ

गिंडीतल्या प्रयोगशाळेत माझा तो दुसराच दिवस होता. इनक्युबेटरच्या दाराला आमचे दोघांचे हात एकदमच लागले.

“तुम्ही घ्या आधीं,” तो मराठीत म्हणाला.

“मी मराठी... कसं कळलं?”

“मघाशी दाराला रागावलांत ना, तें ऐकलं. मी श्रीवत्स. घरचे तंजावरचे, आतां मैलापूर.”

हसताना तो खाली बघायचा. मीही मग खालीच बघितलं.

करोनाविषाणूला एकट्याने स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. तो पेशीत शिरतो आणि तिचीच प्रथिनं कामाला जुंपतो. त्यातलं एक प्रथिन काढून टाकलेल्या पेशी श्रीवत्सने सात महिने खपून वाढवल्या होत्या. सर्दीचा करोनाविषाणू त्यांत वाढला नाही, तर त्याचं म्हणणं खरं ठरणार होतं. फेलोशिपची मुदतवाढही त्यावरच होती.

“सात नंबरची बाटली तुमच्या हातीं देतों, नंदिता.”

“आणि हात थरथरला तर?”

“तर... मी धरीन.”

विषाणू घालायच्या बाटल्या दोन होत्या, एक साध्या पेशींची, एक त्याच्या पेशींची, सात नंबरची. स्पिरिटने पुसताना दोन्ही झाकणांवरची शाई गेली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी अंदाजाने आकडे लिहिले.

तीन दिवसांनी सात नंबरमध्ये विषाणू भरभरून वाढला होता.

सोमवारच्या बैठकीत प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, “श्रीवत्स, तुझ्या पेशींतच खोट आहे. मुदतवाढीची शिफारस मी करणार नाही.” त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत राहिले.

नंतर त्याने माझ्यासाठी कॉफी आणली. “साखर कमी. तुम्हांस अशीच लागते.” मी कप तसाच टेबलावर ठेवला.

गुरुवारी तो सूक्ष्मदर्शकाशी एकटा होता.

“झाकणं मी पुसली,” मी म्हणाले. “आकडे गेले. अंदाजाने लिहिले... आणि गप्प बसले.”

त्याने मान वर केली नाही. “ठाऊक आहे. मी सातला आडवी रेघ देतों. झाकणावर ती नव्हती.”

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

“वाट पाहत होतों.”

“कशाची?”

“तुमची.”

चेहरा तापला. त्याच पावली मी सरांकडे निघाले.

“मी येऊं?”

“नको. बैठकीत गप्प मी एकटीच बसले होते.”

सरांनी सगळं ऐकून घेतलं. महिनाभर मी विषाणूला हात लावायचा नव्हता. प्रयोग पुन्हा होईपर्यंत श्रीवत्सच्या शिफारशीचा निर्णय त्यांनी थांबवला.

परतले तेव्हा टेबलावर दोन नव्या बाटल्या होत्या. त्याने पेन पुढे केलं.

“झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर लिहा. झाकणं पुसायला मी आहे... पुढेंही.”

मी सात लिहिला. मग त्याला आडवी रेघ दिली.