नुसतं 'मागं'

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. आमच्या मामाला मी लहानपणापासून ओळखते. त्याला साधी थापसुद्धा मारता येत नाही, मारली की कान लाल होतात. हे सांगताना त्याचे कान लाल झाले नव्हते.

आणि रात्रबित्र काही नव्हती. मंगळवारची भर दुपार. दोन वाजून दहा मिनिटं, कारण मोजणीच्या वहीत वेळ लिहावीच लागते.

मामा जमिनीची मोजणी करतो. मामी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. तो रडला नव्हता. पाचव्या दिवशी कामावर हजर. जेवायचा, झोपायचा, मोजायचा. कुणी विचारलं की म्हणायचा, "बरं आहे." आतून माणसाचा पार दगड झाला होता.

त्या दिवशीचं काम एका जुन्या चर्चमागच्या जागेचं. मोजायची, नकाशा काढायचा आणि त्यावर एक शब्द लिहायचा. शब्द छापील यादीतलाच हवा. अंगण, आवार, परस, पटांगण, दफनभूमी. सगळं त्या एका शब्दावर. अंगण लिहिलं तर खोदून बांधकाम करता येतं. दफनभूमी लिहिलं तर कुदळ लावता येत नाही.

"तुम्ही काय म्हणता या जागेला?" मामाने चर्च झाडणाऱ्या बाईंना विचारलं.

"आम्ही? नुसतं 'मागं' म्हणतो."

"म्हणजे अंगण?"

"नाही हो. मागं. पोरांना सांगतो, मागं जायचं नाही."

"का?"

"सासूबाई सांगायच्या म्हणून. त्यांना त्यांच्या सासूबाई." बाईंनी झाडू दुसऱ्या हातात घेतला. "पण तुम्ही अंगणच लिहा. गाड्या लावायला जागा होणार आहे म्हणे."

मागे एक क्रूस नव्हता, एक शिळा नव्हती. वाळलेलं गवत, छातीइतकं. फक्त चर्चच्या भिंतीलगत एक छोटा तुकडा उघडा होता. मामाने तिथेच तिपाई मांडली, तिच्यावर फळी, फळीवर कागद.

टेपचं चाक मामाकडे. टोक नेणार नाना, कचेरीतले सगळ्यात जुने, निवृत्तीला आलेले. कुंपणाच्या प्रत्येक वळणावर नानांनी टोक टेकवायचं आणि टेप दोनदा ओढायची. मामाने आकडा वाचायचा, कागदावर टिंब द्यायचं. नानांच्या तोंडात सदा तंबाखू, त्यामुळे 'धरलं' म्हणून ओरडायच्या भानगडीत ते पडत नसत. दोन झटके म्हणजे धरलं.

नाना टोक घेऊन कोपऱ्याआड गेले.

बराच वेळ काही नाही. मग टेप सुटत गेली... थांबली.

दोन झटके.

मामाने टिंब दिलं. टेप सरकली. दोन झटके. टिंब.

सहाव्या टिंबाला त्याच्या लक्षात आलं, आकडे फार लहान येताहेत. कुंपण तर लांब होतं. आणि...

गवत हलत नव्हतं.

"नाना?"

दोन झटके.

तंबाखू असेल, मामा मनाशी म्हणाला. एरवी त्याची पाचावर धारण बसली असती. पण तेव्हा भीतीसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. पाय तेवढे गार पडले होते... भर उन्हात, घोट्यापर्यंत.

सोळा टिंबं झाली. मग टेप एकदम सैल पडली.

आणि नाना समोरच्या फाटकातून आत आले. हातात विळा.

"तीन घरं फिरलो साहेब, तेव्हा कुठे हा मिळाला. या गवतात शिरणार कसं? आधी कापतो, मग करू सुरुवात."

"टोक कुठे ठेवलंत?"

"कोपऱ्यावर. विटेखाली दाबून."

दोघं बघायला गेले. वीट जागेवर होती. टोक नव्हतं. ते गवताच्या मधोमध पडलं होतं... आणि तिथपर्यंत एक काडी मोडलेली नव्हती.

नानांनी कागद पाहिला. तीन सरळ ओळी. टिंबाटिंबात सारखं अंतर. त्यांनी तंबाखू थुंकून टाकली.

"साहेब, हे कुंपण नाही."

"हो."

"फार जवळजवळ आहेत. मोठ्या माणसाला एवढ्या जागेत पाय पसरता यायचे नाहीत."

मामा टेप चाकावर गुंडाळू लागला.

"दफनभूमी लिहा साहेब. पाया पडतो तुमच्या."

"पुरावा काय देऊ, नाना? टेपला झटके बसले म्हणून सांगू?"

नानांनी गवत कापलं. दोघांनी कुंपण मोजलं. टिंबांचा कागद नानांनी घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मामाने नकाशावर अंगण लिहिलं, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, आणि डबा खाल्ला.

सात महिन्यांनी नानांचा फोन आला. ते निवृत्त झाले होते, पण खोदकाम बघायला गेले होते.

"निघाली, साहेब. सगळी लहान लहान."

"किती?"

"सतरा."

"सोळा असतील, नाना."

"मी स्वतः मोजली. सोळा तुमच्या टिंबांवर, कागद घेऊनच गेलो होतो. सतरावं भिंतीलगत. तुम्ही उभे होता तिथे."

मी मामाला एकदाच विचारलं, "तुला कळलं होतं, तर दुसरा शब्द का नाही लिहिलास?"

"कळलं होतं गं. पण तेव्हा मला कशाचं काही वाटतच नव्हतं."

शब्द बदलावा म्हणून त्याने स्वतःच्याच चुकीविरुद्ध अर्ज केला. उत्तर आलं, 'जागेवर सध्या वाहने उभी असतात. दुरुस्तीची आवश्यकता नाही.'

ती सतरा पोरं तिथून काढून कुठे नेली, ते कुणी सांगत नाही. बाईंना माहीत नाही, ठेकेदाराला आठवत नाही. मामा अजून दर रविवारी विचारत फिरतो.