भर दुपारचे मासे

तो आमच्या दुकानात आला नाही, अडकला.

दाराबाहेर मी नवीन माल टांगला होता. आमिषाचे लाकडी मासे, प्रत्येकाच्या पोटाखाली गळांचे झुपके. फुटपाथवरून जाता जाता त्यातल्या एकाने त्याच्या स्वेटरची बाही धरली. ती सोडवायला त्याने दुसरा हात घातला, तर तोही अडकला. मी बाहेर आले तेव्हा एक उंच, चष्मा लावलेला माणूस दोन्ही हात वर करून माझ्या दारात उभा होता.

"हलू नका," मी म्हटलं.

"हललो तर?"

"तर आधी स्वेटर जाईल, मग कातडी."

"मग नाही हलत," तो म्हणाला, आणि खरंच श्वास रोखून उभा राहिला.

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. ओढलं की तो आणखी रुततो. म्हणून आधी जरासा पुढे ढकलायचा आणि मग वळवून काढायचा. मी चिमट्याने लोकरीचा एकेक धागा सोडवत होते. इतक्या जवळून त्याच्या साबणाचा वास येत होता, आणि माझी मान खाली असली तरी तो माझ्याकडेच बघतोय हे मला चांगलं कळत होतं. शेवटचा गळ सुटला. आता त्याने जायला हवं होतं... पण गेला नाही.

"मला — मासे पकडायचे आहेत," तो म्हणाला.

"कोणते?"

त्याने दुकानभर नजर फिरवली. "चांगले."

मला हसू आवरेना. आमच्याकडे लोक येतात ते बाससाठी. शहराबाहेरच्या तळ्यातला हिरवट, मोठ्या जबड्याचा, महाभांडखोर मासा. मी त्याला मध्यम ताकदीचा रॉड दिला, साधी रील दिली. "ही तंगूस. नायलॉनची दोरी हो! पाणी नितळ असलं तर बारीक घ्यायची, शेवाळ असलं तर जाड. आणि हे रबरी गांडूळ. तळाला टेकू द्यायचं आणि हळूहळू सरकवत आणायचं."

"हळू म्हणजे किती?"

"कंटाळा येईल इतकं."

"मला नाही येणार कंटाळा," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी उगीचच दोऱ्यांची रिळं नीट लावायला घेतली.

कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानात तो लोकांचे डोळे तपासायचा. मी त्याचं नाव चष्मेवाला ठेवून टाकलं.

पुढच्या शनिवारी तो हजर! "गांडुळाला एक आला," म्हणाला. गल्ल्यामागच्या खुर्चीत पेंगणारे बाबा ताडकन जागे झाले. बाबांनी आयुष्य त्या तळ्यावर काढलं होतं, पण ओल्या पायऱ्यांवरून घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून तळं त्यांना फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडूनच भेटायचं. "कुठे? बांधाजवळ? किती खोल? पाणी गढूळ होतं?" चष्मेवाला सगळ्याची उत्तरं द्यायचा. मग मला विचारायचा, "आता पुढचं काय घेऊ?"

"फिरकी घ्या. ढगाळ हवेत पाण्यातून सरळ ओढत आणायची, चमकते."

"तुमच्यासारखी?"

"मी चमकत नाही, चिडते."

"तेही दिसतं लांबून."

असे शनिवार जमत गेले. तो फिरकी घेऊन गेला, शिशाची वजनं घेऊन गेला, रबरी बेडूक घेऊन गेला. शनिवारी सकाळी मी दोनदा वेणी घालते हे बाबांच्या लक्षात आलं होतं.

मी मात्र स्वतःला बजावत होते. माझं एक लग्न ठरून मोडलं होतं. तो मनुष्य आईच्या आजारपणाचं कारण सांगून तारीख पुढे ढकलत राहिला, आणि त्याची आई मला बाजारात भेटली, ठणठणीत, टरबूज बडवून बघत होती. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. माणूस गरीब चालेल, घुमा चालेल, घोरणारा चालेल. थापाड्या नको.

आणि मग एका शनिवारी चष्मेवाला म्हणाला, "काका, काल दुपारी बेडकाने दोन मिळाले. भर उन्हात!"

बाबा नुसतं "वा" म्हणाले. मी मात्र हातातलं काम टाकलं. बेडूक पाण्यावर उड्या मारत आणायचा तो पहाटे, नाहीतर ऊन उतरल्यावर. भर दुपारी बास सावलीला, खोल जाऊन बसतो. वर बघतसुद्धा नाही.

"हात दाखवा," मी म्हटलं.

"अं?"

"हात. उजवा."

त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. त्याचे कान लाल झाले आणि त्याला काय वाटलं ते मला कळलं, कारण क्षणभर मलाही तेच वाटलं. पण मी त्याचा अंगठा बघत होते. बास उचलायचा तो खालच्या ओठाला धरून, अंगठा त्याच्या तोंडात घालून. त्याचे दात टोचत नाहीत, पण पॉलिश पेपरसारखे खरखरीत असतात. दोन मासे काढले की अंगठा सोलवटतो. आणि हा अंगठा लोण्यासारखा मऊ होता.

"एकही मासा पकडला नाहीत तुम्ही," मी हळूच म्हटलं. "इतक्या शनिवारांत एकही नाही."

त्याने हात काढून घेतला नाही. "तळ्यावरच गेलो नाही कधी," तो म्हणाला. "मला यायला कारण लागायचं... आणि काका इतके खूश व्हायचे..."

"दुसरं काहीही चाललं असतं मला!" मी त्याचा हात सोडून दिला. "सरळ येऊन म्हणाला असतात, तुम्हाला बघायला आलोय, तर मी हसले असते फार तर. आता बाबांना हे तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

त्याने सांगितलं. तिथेच, तेव्हाच, बाबांच्या खुर्चीसमोर उभं राहून, अडखळत. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला पहिल्या गांडुळालाच कळलं होतं," बाबा म्हणाले. "बांधाजवळ तू सांगितलंस इतकं पाणीच नाही. म्हटलं, पोरगा येतोय, गप्पा मारतोय, येऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, घेऊन जा त्याला एकदा. निदान थाप तरी धड मारायला शिकेल."

मी दोघांवरही चिडले. पण रविवारी पहाटे तळ्यावर गेले.

"अजून मी काही ठरवलेलं नाही," मी त्याला आधीच सांगून टाकलं. "एकदा फसले, पुन्हा नाही फसायचं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. पाण्यावर धुकं होतं आणि आम्ही दोघंही कुजबुजत होतो. पहिलीच फेक त्याने अशी जोरात केली की गळाने त्याची टोपी उचलली आणि थेट तळ्यात नेऊन टाकली. ती त्याने गंभीरपणे रील फिरवून परत आणली. मी तोंडावर हात दाबून बसले.

ऊन यायच्या सुमाराला तंगूस थरथरली. "थांब," मी त्याच्या कानाशी म्हटलं, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही. "ढील गुंडाळून घे... आता! मार झटका, गळ रुतू दे!"

त्याने रॉड उचलला तो पाळण्यातलं मूल उचलावं तसा. पाण्यात एक हिरवी पाठ वळली, शेपटी आपटली आणि मासा गेला.

"अरे, झटका का नाही मारलास?"

"त्याला लागेल असं वाटलं," तो म्हणाला.

त्या क्षणी मला तो इतका आवडला की माझा मलाच राग आला.

परत आलो तर बाबांजवळ पोस्टमनकाका ठाण मांडून बसलेले. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता, आणि बाबांनी सगळी हकिगत त्यांच्या कानावर घातलेली दिसत होती. "काय चष्मेवाले," त्यांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "आज तरी मिळाला का?"

मी त्याच्याकडे बघितलं. भिजलेली टोपी, चिखलाचे बूट, आणि आता आठवडाभर साऱ्या बाजारात याचं हसू होणार... माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मिळाला की! चांगला दीड किलोचा. सोडून दिला आम्ही."

एक नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्याची सुटका होती.

"नाही हो काका," तो म्हणाला. "गळाला लागला होता, पण मला झटका मारता आला नाही. सुटला. त्याच्या आधी मी माझी टोपी पकडली. तेवढंच."

पोस्टमनकाका खोकला लागेपर्यंत हसले. तो मान खाली न घालता उभा राहिला. बाबा मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"आणि तू गं? तू कधीपासून थापा मारायला लागलीस?"

उत्तर होतं, पण ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. तरी बोलले.

"याला कोणी हसलेलं मला बघवत नाही, बाबा. म्हणून."

पोस्टमनकाकांचं हसणं मध्येच थांबलं. बाबांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठले. "चला हो, जरा दारात उभे राहू," म्हणाले, आणि दोघं पाय ओढत बाहेर गेले.

आत आम्ही दोघंच उरलो. तो एक पाऊल पुढे आला. त्याच्या चष्म्यावर अजून तळ्याचे शिंतोडे होते.

"आता म्हणालीस ते," त्याने हळूच विचारलं, "तेही दीड किलोवालंच का?"

"नाही रे," मी म्हटलं. "हे खरं आहे."