पुढचा दिवा

चष्म्याचा स्क्रू पडला नसता, तर समोरच्या चष्म्यांच्या दुकानात जायचं त्याला काहीच कारण नव्हतं. चष्म्याशिवाय त्याला मुंगी आणि बल्ब यांतला फरक कळत नसे, आणि त्याचा धंदा तर मुंगीएवढ्या बल्बांचाच. हौशी लोकांची छोटी रेल्वे इंजिनं तो दुरुस्त करायचा. काउंटरमागच्या मुलीनं सुईसारख्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू बसवला, चष्मा सरळ त्याच्या नाकावर चढवला, आणि त्याला आधी दिसलं ते तिचं हसू.

“इंजिनवाले ना तुम्ही? आमच्या बाबांच्या इंजिनाचा पुढचा दिवा गेलाय.”

दुसऱ्या दिवशी ती वीतभर लांबीचं हिरवं इंजिन घेऊन आली. आतला बल्ब जळून काळा पडला होता. त्यानं एलईडी बसवला.

“हा तापत नाही. फक्त याचे दोन पाय ओळखून जोडावे लागतात. उलटे जोडले, तर इंजिन मागे जाताना दिवा लागतो आणि पुढे जाताना अंधार.”

“म्हणजे आडमुठाच की!”

“आडमुठा नाही... एकाच बाजूचा असतो,” तो म्हणाला, आणि उगाचच त्याचे कान गरम झाले.

टेबलावरच्या रुळावर इंजिन पुढे निघालं, दिवा लागला. ती खूश होऊन गेली.

चार दिवसांनी पुन्हा हजर! “अहो, दिवा उलटा लागतोय.”

त्यानं झाकण उघडलं आणि तो चक्रावलाच. पाय खरंच उलटे होते, आणि ते चिकटवणारे सोल्डरचे डाग तर असे ओबडधोबड, की कुणी आजच शिकायला बसल्यासारखे. हे आपण केलं? पण रुळावर चालवून पाहिलं होतं ना... की आपण तिच्याकडेच पाहत होतो? त्यानं मुकाट्यानं पाय पुन्हा नीट जोडले.

त्यानंतर त्याचं कशातच लक्ष लागेना. भाजी आणायला गेला, पैसे दिले आणि भाजी तिथेच ठेवून आला. आई म्हणाली, “एकदा डोळे तपासून घे रे बाबा.” आता डोळे तपासायचे ते समोरच्याच दुकानात, आणि सगळा घोळ तर तिथूनच सुरू झालेला!

आठवड्यानं ती आली. दिवा पुन्हा उलटा.

या वेळी त्यानं झाकण उघडलंच नाही. इंजिन तिच्यापुढे सरकवलं. “दुसऱ्या कुणाला दाखवा. सात वर्षांत कधी चुकलो नाही, तुमच्या इंजिनावर दोनदा चुकलो. माझा हातच गेलाय.” इंजिन गेलं की तीही यायची नाही, हे त्याला कळत होतं.

“दुसऱ्या कुणाला? कशाला?” ती गडबडली. “तुमचा हात... चांगला आहे हो.”

तिनं घाईघाईनं इंजिन परत ढकललं आणि त्याला तिच्या बोटावरचा लालसर चटका दिसला. तसे चटके त्याच्या बोटांवर डझनभर होते.

“हे कशानं?”

“इस्त्रीनं.”

“इतकी बारीक इस्त्री?”

तिनं बोट मुठीत लपवलं. “बाबांची सोल्डरची बंदूक आहे घरी... स्क्रूड्रायव्हर माझा. आणि पाय उलटे कसे करायचे ते तुम्हीच सांगितलंत.”

“पण का?”

“का म्हणजे? दिवा नीट लागला असता, तर मी कुठलं निमित्त काढून आले असते?”

मग त्यानं खणातून एक जुन्या पद्धतीचा बल्ब काढला.

“आता हाच बसवतो. याला पुढं-मागं कळत नाही. कसाही जोडा, दोन्हीकडे लागतो.”

तिचा चेहरा पडला. “म्हणजे मी यायचंच नाही?”

“फक्त... हा लवकर जातो. सारखा बदलावा लागतो. घरातच कुणी जाणकार असलेला बरा.”

“घरात? आमच्या?”

“आपल्या...” एवढं बोलून तो घामाघूम झाला. चष्म्यावर वाफ धरली.

तिनं चष्मा काढून घेतला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि पुन्हा त्याच्या नाकावर चढवला. “आता दिसतंय का नीट?”

“दिसतंय,” तो म्हणाला. “मला तुम्ही फार आवडता.”

“मग इतके दिवस काय पाहत होतात?” ती म्हणाली, आणि चटक्याचं बोट तिनं त्याच्या हातात दिलं.